घाई आणि उशीर : देशाबाहेर दत्तक गेलेल्या मुलांचा इतिहास

भुसावळहून खंडव्याच्या गाडीत बसलात की सावदा, रावेर मागे पडतं आणि मग बऱ्हाणपूर येतं. गाडी थोडा वेळ थांबते, चहावाले चढतात, उतरतात. 1986 साली याच स्टेशनवरच्या एका बाकावर पाच वर्षांचा एक मुलगा झोपी गेला होता. तो मोठ्या भावाबरोबर खंडव्याहून आला होता. जाग आली तेव्हा भाऊ दिसला नाही, म्हणून तो समोर उभ्या असलेल्या गाडीत चढला. ती गाडी त्याला थेट कोलकात्याला घेऊन गेली.

पुढची गोष्ट तुम्ही ‘लायन’ या सिनेमात पाहिली असेल. काही आठवडे तो मुलगा हावड्याच्या आसपास रस्त्यावर जगला. मग सरकारी बालगृह, मग एक दत्तक संस्था आणि 1987 साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरचं एक प्रेमळ घर. तिथे तो सरू ब्रायर्ली झाला. मोठेपणी गूगल अर्थवर रेल्वेचे रूळ धुंडाळत त्याने आपलं गाव शोधून काढलं आणि 2012 साली तो खंडव्यात आईसमोर उभा राहिला. आई जिवंत होती. मुलगा परत आला तर सापडावा, म्हणून ती तो भाग सोडून कुठेही गेली नव्हती.

सिनेमा पाहून आपण डोळे पुसतो आणि घरी जातो. पण एक प्रश्न मागे राहतो. ज्या मुलाची आई जिवंत होती, तो मुलगा ‘बेवारस’ म्हणून परदेशी कसा गेला? त्याला पळवलं नव्हतं आणि कुणी विकलंही नव्हतं. त्याने गावाचं नाव सांगितलं होतं, पण पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडून ते असं बाहेर पडलं की कुणालाच ते नकाशावर सापडलं नाही. स्वतःचं नावही तो ‘सरू’ सांगायचा. मूळ नाव शेरू होतं. त्याला सांभाळणाऱ्या संस्थेपुढे दोनच रस्ते होते : शोध चालू ठेवून मुलाला बालगृहात वाढू द्यायचं, किंवा शोध थांबवून त्याला घर द्यायचं.

देशाबाहेरच्या दत्तकाचा सगळा इतिहास याच पेचाभोवती फिरतो. घाई केली तर एखाद्या जिवंत आईचं मूल कायमचं दूर जातं. उशीर केला तर मुलाचं बालपण संस्थेच्या खाटेवर संपतं. गेल्या सत्तर वर्षांत जग या दोन टोकांमध्ये झोके घेत आलंय.

आपला जुना दत्तक

आपल्याकडे ‘दत्तक’ हा शब्द नवा नाही. मराठी इतिहासाच्या पुस्तकात तो वारंवार भेटतो, पण वेगळ्या कारणाने. 1848 साली साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने नाकारला आणि राज्य खालसा केलं. नागपूर आणि झाशीच्या बाबतीतही वाद दत्तकाचाच होता. 1875 साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव झाला.

या दत्तकात मूल भाऊबंदांतलं असायचं. त्याचे जन्मदाते सगळ्यांना माहीत असायचे. मुख्य म्हणजे दत्तक घेतला जायचा तो घराण्यासाठी, गादीसाठी, पिंडदानासाठी. मुलाला घर हवंय म्हणून नव्हे, तर घराला मुलगा हवाय म्हणून.

ही दिशा उलटी करणारी माणसंही महाराष्ट्रातच होती. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप बाळंत व्हावं आणि मूल मारू नये, हा हेतू होता. तिथेच आलेल्या एका ब्राह्मण विधवेचं मूल या जोडप्याने पुढे दत्तक घेतलं. तो यशवंत मोठा होऊन डॉक्टर झाला. इथे ना गादी होती, ना भाऊबंदकी. एका मुलाला आईबाप हवे होते, एवढंच कारण होतं. आजचे कायदे ज्याला ‘मुलाचं हित’ म्हणतात, ते या जोडप्याने कायद्याशिवाय करून दाखवलं होतं.

कोरियातून निघालेली विमानं

मुलं मोठ्या संख्येने देश ओलांडून दत्तक जायला लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याची व्यवस्था उभी राहिली ती कोरियात. 1950 ते 1953 च्या युद्धाने तो देश उद्ध्वस्त केला होता. अनाथालयं भरून गेली होती. त्यातच परदेशी सैनिकांपासून कोरियन बायकांना झालेली मुलं होती. कोरियन समाजात वंश बापाकडून मोजला जाई. बापाचं नाव नसलेल्या, वेगळ्या रंगाच्या या मुलांना तिथे जागाच नव्हती. सरकारलाही ती देशाबाहेर गेलेली हवी होती.

1955 साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या हॅरी आणि बर्था होल्ट या शेतकरी जोडप्याने आठ कोरियन मुलं दत्तक घेतली. घरात स्वतःची सहा मुलं होती. त्या काळच्या नियमात आठ मुलं बसत नव्हती, म्हणून अमेरिकी काँग्रेसने खास कायदा केला. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले आणि हजारो अमेरिकी कुटुंबांना वाटलं, आपणही एक मूल आणू शकतो. होल्ट यांनी त्यासाठी संस्था काढली. दत्तक घेणाऱ्यांनी कोरियाला जायचीही गरज नव्हती. मुखत्यारामार्फत तिथेच कागद पूर्ण व्हायचे आणि मुलं विमानाने यायची.

सुरुवातीला यामागे दयाच होती. पण दयेची एकदा व्यवस्था झाली की ती स्वतःच्या वेगाने चालू लागते. युद्ध संपलं, देश सावरला, कारखाने उभे राहिले. पण परदेशी जाणाऱ्या मुलांची संख्या कमी होण्याऐवजी वाढत गेली. 1985 या एका वर्षात कोरियातून 8,800 पेक्षा जास्त मुलं बाहेर गेली. तेव्हा युद्ध संपून तीस वर्षं उलटली होती आणि तीन वर्षांनी सोलमध्ये ऑलिंपिक भरणार होतं. ही मुलं आता युद्धातली अनाथ नव्हती. बहुतेक जण अविवाहित आयांची मुलं होती. त्या आयांना आधार देण्यावर सरकारने खर्च केला नाही. उलट प्रत्येक मुलामागे संस्थांना परदेशातून पैसे मिळत होते.

अमेरिकेत मुलाला प्रवेश सोपा व्हावा तर ते ‘अनाथ’ असायला हवं. म्हणून कोरियात अनेक मुलांची वेगळी ‘अनाथ नोंदणी’ केली गेली. ज्यांचे आईबाप हयात होते, त्यांच्याही कागदावर पालकांच्या जागी काहीच नव्हतं. एखादं मूल प्रवासाआधी आजारी पडलं किंवा दगावलं, तर त्याच्याच कागदावर दुसरं मूल पाठवल्याचेही प्रकार घडले. त्या मुलाने मोठेपणी आपली फाईल मागवली, तर हाती आली दुसऱ्याच कुणाची कहाणी.

सत्तर वर्षांत कोरियातून सुमारे दोन लाख मुलं गेली असं मानलं जातं. ती मोठी झाली, एकमेकांना सापडली आणि प्रश्न विचारू लागली. 1998 साली राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी अशा काही जणांना बोलावून त्यांची माफी मागितली. पण चौकशी झाली ती बरीच नंतर. मार्च 2025 मध्ये तिथल्या सत्य आणि सलोखा आयोगाने जाहीर केलं की खोटी कागदपत्रं, संमतीशिवाय पाठवणी, पालकांची अपुरी पडताळणी या गोष्टी घडल्या आणि त्यांची जबाबदारी सरकारचीही आहे. आलेल्या 367 तक्रारींपैकी 56 जणांच्या मानवी हक्कांचं उल्लंघन झाल्याचं आयोगाने त्या वेळी मान्य केलं.

यातल्या काही जणांवर आणखी एक विचित्र वेळ आली. त्यांच्या अमेरिकी आईबापांनी नागरिकत्वाचे कागद पूर्ण केलेच नव्हते. दत्तक आलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा अमेरिकी कायदा 2000 साली झाला, पण अंमलात येताना जे अठरा वर्षांच्या आत होते त्यांनाच त्याचा फायदा मिळाला. मोठे होते ते राहून गेले. काहींच्या हातून गुन्हा घडला आणि अमेरिकेने त्यांना जन्माच्या देशात परत पाठवलं. तिथली भाषा त्यांना येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं. लहानपणी एका देशाने त्यांना बाहेर पाठवलं होतं, मोठेपणी दुसऱ्याने.

दिल्लीतलं एक पत्र

भारतातून परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांसाठी बराच काळ धड कायदाच नव्हता. 1956 चा दत्तकाचा कायदा फक्त हिंदूंसाठी (आणि कायद्यापुरते हिंदू धरले जाणारे बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी) होता. सर्वधर्मीयांसाठी 1972 साली विधेयक आलं, विरोधामुळे ते मागे पडलं. 1980 साली पुन्हा प्रयत्न झाला, तोही अडला. त्यामुळे परदेशी जोडपी 1890 च्या जुन्या कायद्याचा आधार घेत. कोर्टातून ते मुलाचे ‘पालक’ म्हणून नेमणूक मिळवत, मुलाला देशाबाहेर नेत आणि खरं दत्तकविधान तिकडच्या कायद्याने होई. मधल्या काळात मूल ना इथलं असे, ना तिथलं. तिकडे गेल्यावर त्याचं काय झालं, हे विचारणारी यंत्रणा नव्हती.

1982 साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. परदेशी दत्तकाच्या नावाखाली गैरप्रकार चालतात, मुलांना हाल सोसावे लागतात, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. 6 फेब्रुवारी 1984 रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. त्या निकालाने ‘परदेशी दत्तक बंद करा’ असं म्हटलं नाही. देशात घर मिळत नसेल तर परदेशातलं घर संस्थेपेक्षा बरं, असं त्याने मान्य केलं. पण अटी घातल्या. आधी भारतीय पालक शोधायचे. परदेशी जोडप्याने थेट नव्हे, तर त्यांच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यायचं. त्यांच्या घराची, उत्पन्नाची, स्वभावाची पाहणी व्हायची. आईवर दबाव आणायचा नाही, तिला विचार बदलायला वेळ द्यायचा. संस्थेने खर्च घ्यावा, नफा नाही. आणि हे सगळं करताना उशीर करायचा नाही, शक्यतो मूल तीन वर्षांचं होण्याआधी घरी जावं.

त्या शेवटच्या अटीकडे नीट पाहा. न्यायालयाला दोन्ही धोके दिसत होते.

या निकालातून पुढे 1990 साली ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. 1993 साली हेग इथे आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने तो 2003 मध्ये मान्य केला. कराराचं सूत्र साधं आहे : आधी मुलाचं स्वतःचं कुटुंब, मग देशातलं दुसरं कुटुंब, मग परदेशातलं. संमती जन्मानंतरच आणि पैशाशिवाय. पुढे 2015 च्या बाल न्याय कायद्याने हे सगळं मुदतींत बसवलं. मूल सोपवणाऱ्या आईला निर्णय बदलायला 60 दिवस. टाकून दिलेलं मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर त्याच्या पालकांचा शोध घेऊन दोन महिन्यांत ते दत्तकासाठी मोकळं आहे की नाही हे ठरवायचं, मोठं असेल तर चार महिन्यांत. त्यानंतर 60 दिवसांत देशातले किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तर परदेशी पालकांचा विचार.

उशिराची किंमत

इथवर वाचून वाटेल की हा सगळा प्रकारच बंद केलेला बरा. जगाचा कल तिकडेच आहे. 2004 च्या सुमारास वर्षाला जवळपास 45,000 मुलं देश ओलांडत होती. मग आकडा घसरत गेला. नेदरलँड्सने 2021 मध्ये चौकशी समितीच्या अहवालानंतर नवी प्रकरणं थांबवली. चीनने 2024 मध्ये दार जवळपास पूर्ण बंद केलं. स्वीडनमध्ये 2025 साली सरकारी आयोगाने परदेशी दत्तक थांबवण्याची शिफारस केली.

पण रोमानियाची गोष्टही लक्षात घ्यायला हवी. 1989 साली चाउशेस्कुची राजवट कोसळली तेव्हा तिथली अनाथालयं जगाने टीव्हीवर पाहिली. खाटांच्या रांगा आणि त्यात कुणी कडेवर न घेतलेली मुलं. त्यातली काही ब्रिटनमध्ये दत्तक गेली. मायकल रटर आणि सहकाऱ्यांनी अशा 165 मुलांचा पुढची अनेक वर्षं अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत घरात पोचलेली मुलं बहुतांशी इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ संस्थेत काढलेल्या अनेकांमध्ये माणसांशी जोडून घेण्याच्या, लक्ष लागण्याच्या अडचणी मोठेपणीही उरल्या. फायलीवर सही व्हायला लागणारा एकेक महिना बाळाच्या मेंदूवर खूण सोडतो.

त्याच रोमानियात 1990–91 मध्ये हजारो मुलं इतक्या घाईने बाहेर गेली की गरीब घरांतून थेट मुलं मिळवणारे दलाल उभे राहिले. पुढे देशाने परदेशी दत्तकावर बंदी आणली. एकाच देशाने घाईही पाहिली आणि उशीरही.

मग परदेशी गेलेल्या मुलांचं एकंदरीत काय झालं? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून 2005 साली मांडलं की बहुसंख्य मुलं व्यवस्थित रुळतात. मात्र मानसोपचाराची मदत घेण्याचं प्रमाण त्यांच्यात इतर मुलांपेक्षा जास्त दिसतं. स्वीडनमधल्या 2002 च्या एका मोठ्या अभ्यासातही बहुतेकांचं चांगलं चाललं होतं, पण आत्महत्येचा धोका इतरांहून बराच अधिक होता. ‘मुलगा युरोपात गेला, नशीब निघालं’ हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं आहे. गोऱ्या लोकांच्या शाळेत एकटंच सावळं असणं, ‘तू मूळची कुठली?’ या प्रश्नाला उत्तर नसणं, दवाखान्याच्या फॉर्मवर ‘कुटुंबातले आजार’ या रकान्यात दरवेळी रेघ मारणं, आणि हे सगळं असूनही कृतज्ञच राहावं अशी आजूबाजूची अपेक्षा. प्रेम करणारे आईबाप असले तरी हे ओझं ज्याचं त्यालाच वाहावं लागतं.

आपल्या घरातला प्रश्न

आज भारतात दत्तकासाठी तीस हजारांहून जास्त इच्छुक पालक रांगेत आहेत, आणि कायद्याने मोकळी असलेली मुलं त्यांच्या तुलनेत फार थोडी. 2023–24 मध्ये देशात एकूण 4,009 दत्तक झाले, त्यातले 449 परदेशी. एवढी रांग असताना परदेशी का?

उत्तर आपल्याला सुखावणारं नाही. रांगेतल्या बहुतेकांना लहान, निरोगी बाळ हवं असतं. पाच वर्षांच्या वरचं मूल, एकत्र राहू पाहणारी भावंडं, ऐकू न येणारं किंवा हृदयाचं ऑपरेशन लागणारं मूल समोर आलं की आपण पुढच्या पानावर जातो. म्हणूनच कायद्यात अशा मुलांना परदेशी दत्तकात प्राधान्य देण्याची तरतूद करावी लागली. पंचवीस–तीस मुलांमागे एक मावशी असलेल्या जागेतून असं मूल इटलीतल्या एखाद्या घरात जातं, तिथे त्याला उपचार मिळतात, शाळा मिळते, रात्री दचकून उठल्यावर जवळ घेणारं माणूस मिळतं. हा फायदा खरा आहे, आणि त्या मुलासाठी तो सगळ्यात मोठा आहे. परदेशी दत्तक उद्या बंद केलं तर हे मूल आपण आपल्या घरी आणणार आहोत का, हे आधी सांगावं लागेल. आणि ज्या आईने मूल सोपवलं, तिला भाड्याची खोली, काम आणि घरच्यांचा आधार मिळाला असता तर तिने सोपवलं असतं का, हे त्याच्याही आधी.

मोठी झालेली मुलं आता परत येतात. चेहरा आपल्यातला, पण उच्चार स्वीडनचे किंवा डेन्मार्कचे. अठरा वर्षांनंतर कारामार्फत आपल्या मुळांचा शोध घ्यायची सोय नियमांत आहे. आईची गुप्तता राखायची आणि मुलालाही जमेल तेवढं सांगायचं, अशी ती तारेवरची कसरत असते. शेवटी सगळं येऊन थांबतं ते एका फाईलवर. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत लिहिलं असेल, ‘सापडलेले बालक, गाव माहीत नाही’, तर शोध तिथेच संपतो. कुणी सावकाश बसून लिहिलं असेल की मूल कुठल्या स्टेशनवर सापडलं, अंगात काय होतं, कुठली भाषा बोलत होतं, स्वतःचं नाव कसं उच्चारत होतं, तर निदान कुठून सुरुवात करायची ते तरी कळतं.

शेरूने गावाचं नाव सांगितलं होतं. ते चुकीचं होतं, पण पूर्ण चुकीचं नव्हतं. बऱ्हाणपूर त्याच्या तोंडी ‘बेरमपूर’ झालं होतं आणि खंडव्यातली त्यांची वस्ती, गणेश तलाई, ‘गणेस्तले’ झाली होती. पंचवीस वर्षांनी हीच मोडकी नावं मनात धरून त्याने घर शोधलं.